उतारावरची मॅसी

ती पाहा, आंब्याखाली उभी आहे ती. उन्हाने फिका पडलेला लाल रंग, नाक उताराकडे आणि मागच्या चाकाला अटकाव म्हणून पुढून टेकवलेला काळा दगड. सिल्वासाहून खानवेलचा रस्ता धरलात की वीसेक किलोमीटरांत कारखान्यांच्या भिंती मागे पडतात, भाताची खाचरं सुरू होतात, आणि अशाच कुठल्यातरी पाड्यावर तिची गाठ पडते. पूर्ण नाव मॅसी फर्ग्युसन १०३५. पाड्यावर एवढं लांब नाव कुणी घेत नाही. ‘मॅसी’ म्हटलं की झालं. जुलैत एखाद्या बाईने पलीकडच्या बांधावरून ‘मॅसी आली का गं?’ असं विचारलं, तर त्यात सगळंच येतं. पाणी साचलं, रोप तयार आहे, चिखलणी करून द्या आणि आवणीला माणसं बोलवा.

ट्रॅक्टर ‘तो’ असला तरी मॅसी ‘ती’च. आणि वयाने बरीच मोठी, तेव्हा जरा आदबीने पुढे या.

नाक उताराकडे का, ते आधी सांगतो. ही सपाटीवर झोपत नाही. सकाळी दगड काढायचा, क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, दहा-बारा पावलं घरंगळू द्यायचं आणि क्लच सोडायचा. एक हिसका, एक खोकला, काळ्या धुराचा गोळा, आणि मग तिचा तो ठेका सुरू. तीन सिलिंडरांचा आवाज चार सिलिंडरवाल्यांसारखा सलग नसतो. त्यात किंचित डुलणं असतं, पाटी डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या बाईच्या चालीसारखं. पाड्यावरची पोरं तीन वळणं दूरवरून तो आवाज ओळखतात आणि वाटेवरच्या कोंबड्या हाकलायला धावतात.

या सवयीचं खापर सगळे बॅटरीवर फोडत. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या, तरी मॅसी स्टार्टरला नुसती ‘टक्’ करून गप्प बसायची. मिस्त्रीने येऊन बॅटरीला हातही लावला नाही. म्हणाला, “हेडलाइट लाव, आता स्टार्टर मार.” दिवा मंदावत मंदावत विझत आला. दिवा तसाच लख्ख राहिला असता आणि स्टार्टर गप्प असता, तर तो स्विचकडून निघणाऱ्या वायरच्या मागे लागला असता. दिवा विझला म्हणजे वाटेत कुठेतरी वीज अडते आहे. त्याने टर्मिनलचं नट सोडलं. आत हिरवट-पांढऱ्या क्षाराचा थर, जुन्या मडक्याला धरतो तसा. अर्थिंगची पट्टी जिथे अंगाला जोडलेली, तिथे रंगाखाली गंज. किटलीभर गरम पाणी, पॉलिश पेपरचा तुकडा आणि शेवटी बोटभर ग्रीस. मॅसी सपाटीवर एका झटक्यात सुरू झाली. तरीही रात्री ती उतारावरच उभी राहते. तिची सवय आता मालकाला लागली आहे.

घराण्याचा ताठा आहे तिला, आणि तो असावाच. आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन, हा तिचा मूळपुरुष. त्याच्या काळात नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता बांधलेला असे, बैलामागे असतो तसा. नांगराला दगड लागला की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर उचललं जाई आणि चालवणारा खाली सापडे. फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरच्या अंगाला जोडला, दोन खाली आणि एक वर, आणि तो उचलायचं काम तेलाच्या दाबाकडे दिलं. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी त्याचा करार झाला तो नुसत्या हस्तांदोलनावर. पुढे त्याचीच कोर्टकचेरी झाली. १९४६ मध्ये इंग्लंडात कोव्हेंट्रीला त्याचा करडा छोटा ट्रॅक्टर तयार होऊ लागला, आणि १९५३ मध्ये त्याचा कारखाना कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये मिसळला. त्याच्या पुढच्याच वर्षी, २ ऑगस्ट १९५४ ला, सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. इथे मॅसी बनवणारी टॅफे कंपनी मद्रासला उभी राहिली १९६० मध्ये आणि दादरा-नगर हवेली भारतात रीतसर सामील झाली १९६१ मध्ये. घराणं आणि गाव, दोन्ही साधारण एकाच सुमाराला या देशाची झाली.

आज कुठल्याही रंगाच्या ट्रॅक्टरच्या पाठीमागे जा, तीन दांड्या दिसतील. त्या हिच्या माहेरच्या. निळी, हिरवी, नारिंगी, सगळी नवी मंडळी तिचाच दागिना घालून मिरवतात. शेजारच्या पाड्यावर नवा पन्नास हॉर्सपॉवरचा आला तेव्हा मॅसीचा मालक त्याच्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, “मागून आमच्यासारखाच आहे.”

त्या दांड्यांमागे अक्कल आहे. इथली जमीन डोंगरउताराची, माती वितभर आणि खाली दगड. नांगर कठीण जागी घुसला की वरची दांडी पुढे रेटली जाते, आतली स्प्रिंग दबते, आणि पोटातलं हायड्रॉलिक नांगर बोटभर उचलून धरतं. अडथळा गेला की परत खाली सोडतं. हे सगळं चालवणाऱ्याला न विचारता. सीटवर बसलेल्याला फक्त इंजिनाचा आवाज क्षणभर हलका झालेला कळतो. आणि दगडाने दांडी पुढे रेटली की पुढची चाकं उलट जमिनीवर दाबली जातात. म्हणून तर एवढा हलका ट्रॅक्टर या दगडांत टिकला.

या अकलेला रुसव्याची जोड आहे. एकदा सिल्वासाहून एक तरुण ड्रायव्हर आला, रोज नवा ट्रॅक्टर चालवणारा. लिफ्टची दांडी वर ओढली तर नांगर जागचा हलेना. त्याने तेल बघितलं, तेल बरोबर. दांडी खालीवर केली, नांगराला लाथ मारली, बॉनेट उघडलं. बॉनेटचा लिफ्टशी काही संबंध नाही, पण माणूस काय करणार! दोन तासांनी मिस्त्रीला फोन. मिस्त्रीचा पहिला प्रश्न कायम एकच असतो: शेवटी हात कोणी लावला? आदल्या दिवशी मॅसीला पाण्याचा पंप जोडला होता आणि काम झाल्यावर कुणीतरी पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या शाफ्टने अवजाराला देणारी जोडणी, काढून ठेवली होती. या जुन्या मॅसीच्या पोटातला हायड्रॉलिकचा पंप त्याच शाफ्टवर फिरतो. पीटीओ न्यूट्रलला टाकली की लिफ्टही झोपते. “क्लच दाब, सीटखालची दांडी आत टाक, आता उचल.” नांगर उचलला गेला. पोरगा इतका लाजला की त्याने चहाही घेतला नाही.

तिला उचकीही लागते. जड अवजार वर धरलं की ते हळूच खाली येतं, झटक्याने वर जातं, पुन्हा खाली. आतली रिंग झिजली किंवा व्हॉल्व्हमधून तेल निसटलं की असं होतं. पण पावसाळ्यात उचकी लागली तर आधी तेल बघावं. गिअरच्या दांडीभोवतीचं रबर फाटलं की तिथून पाणी आत झिरपतं आणि तेल ताकासारखं पांढरट होतं. ताक झालेलं तेल गाळून वापरायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तेल महाग आहे. तो मोह महागात पडतो. तेल सगळं सोडून द्यावं आणि आधी ते स्वस्तातलं रबर बदलावं. उलटं केलं तर पुढच्या पावसात परत ताक.

आता तिचं खरं नाटक सांगतो. जुलैचा मधला आठवडा, दमणगंगेला लाल पाणी आलेलं, खाचरं तुडुंब. राबात टाकलेलं भाताचं रोप आवणीला आलेलं. मॅसीला लोखंडी जाळीची चाकं चढवून चिखलणीला उतरवली आणि वीस मिनिटांत ती बंद. आधी आवाज खालावला, मग हेलकावे घेऊ लागली, मग गप्प. एअर धरली असेल म्हणून एअर काढली. सुरू झाली. वीस मिनिटांनी परत तेच. डिझेलचा फिल्टर बदलला, वीस मिनिटं. फीड पंप उघडून साफ केला, वीस मिनिटं. डिझेलमध्ये पाणी असेल म्हणून टाकीखालचा नळ सोडून बाटलीभर डिझेल काढलं, ते स्वच्छ. तोवर बांधावर दहा माणसं जमली होती आणि दहा मतं. शेवटी ठरलं, मोठा पंप उतरवून वापीला न्यायचा. म्हणजे चार दिवस गेले. चार दिवसांत खाचरातलं पाणी राहील याची खात्री नाही, रोप थांबणार नाही, आणि मॅसीच्या रांगेत आणखी सहा घरं.

मिस्त्री दुपारी मोटारसायकलवर आला. चप्पल हातात घेऊन बांधावर बसला. “काय झालं?” असं त्याने विचारलंच नाही. “कधी बंद पडते?” एवढंच विचारलं. वीस मिनिटांनी. “दर वेळी?” दर वेळी. मग त्याने बिडी पेटवली आणि म्हणाला, “चालवा.”

मॅसी खाचरात फेऱ्या मारू लागली. मिस्त्री घड्याळाकडे बघत बसला. सतरा-अठरा मिनिटं झाली, आवाज जरा बसला, तसा तो चिखलातून चालत गेला, चालत्या गाडीला थांबवून पायरीवर चढला आणि बॉनेटवरचं डिझेलच्या टाकीचं झाकण अर्धा वळसा फिरवलं. फुस्स! बांधापर्यंत ऐकू आलं. आणि मॅसीने, पाण्याखालून वर आलेल्या माणसाने घ्यावा तसा श्वास घेतला. आवाज एकदम मोकळा. त्या दिवशी ती परत बंद पडली नाही.

झाकणाला एक बारीक छिद्र असतं. टाकीतून डिझेल जातं तेवढी हवा तिथून आत यावी लागते. चिखलाचा एक शिंतोडा त्यात सुकून बसला होता. हवा आत येईना, टाकीत ओढ धरली, आणि वीस मिनिटांनी पंपाला डिझेल खेचणं जड जाऊ लागलं. एअर काढण्यात जो वेळ जाई, तेवढ्यात थोडी हवा कशीबशी टाकीत झिरपे आणि मॅसीला आणखी वीस मिनिटांचं आयुष्य मिळे. म्हणजे उपाय केल्यासारखं वाटे आणि दुखणं तसंच. मिस्त्रीने बांधावरच्या करवंदीचा काटा तोडला, छिद्रात घालून फिरवला, फुंकर मारली. त्याऐवजी पंप वापीला गेला असता तर तो तिथे उघडला गेला असता, त्याचं बिल झालं असतं, आणि परत आल्यावर वीस मिनिटांनी मॅसी बंद पडली असती.

मला ती त्या दिवशी कळली. तिचं दुखणं बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त जागी असतं आणि ती ते लपवत नाही. वीस मिनिटं, वीस मिनिटं, असं ती घसा फोडून सांगत होती. दहा माणसांपैकी कुणी घड्याळ बघितलं नव्हतं.

धुराने ती रोज काही ना काही बोलतेच. काळा धूर म्हणजे वारा कमी पडतोय किंवा ओझं जास्त झालंय. एअर क्लीनरची तळातली वाटी उघडा, तेलाऐवजी तिथे मातीचा गोळा निघेल. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितंय, रिंगा झिजल्या. पांढरा आणि इंजिन तापल्यावरही न जाणारा असेल, तर रेडिएटरमध्ये डोकावून बुडबुडे येतात का बघा, हेडचं गॅस्केट गेलेलं असू शकतं. डोकावा म्हटलं ते थंड असताना. तापलेल्या मॅसीचं रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याला ती क्षमा करत नाही. पाड्यावर एकाच्या कोपरापासून मनगटापर्यंत तिची खूण आहे.

इंजिनचं तेल कमी झालं की लोक घाबरतात. वाढलं तर खूश होतात, आणि खरी भीती तिथेच आहे. फीड पंपातला पडदा फाटला की डिझेल गुपचूप खाली तेलात उतरतं. पट्टीवर तेल खुणेच्या वर, बोटांवर चोळलं तर पातळ, वास डिझेलचा. अशा तेलावर आणखी दोन दिवस चालवलं तर बेअरिंग जातात. न भरता वाढलेलं काहीही तपासून घ्यावं, असं मिस्त्री म्हणतो.

नोव्हेंबरात मळणीला जुंपली की ती तापते. दोष तिचा नाही. पेंढ्याची कुसं आणि भाताचा कोंडा रेडिएटरच्या जाळीत बसून गोधडी तयार होते. इंजिनाच्या बाजूने बाहेर पाणी मारलं की ती निघते. पुढून मारलं तर आणखी आत बसते. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून बघावा, अर्धा इंच दबला तर ठीक. एवढं केलं की दिवसभर पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे मोजून देते, कुरकुर नाही.

तिच्या रागाची मात्र एक जागा आहे आणि तिथे थट्टा नको. मागची चाकं चिखलात रुतली, एक्सल टेकला, की हुशार लोक चाकाला ओंडका बांधून गिअर टाकतात. चाक जर फिरू शकलं नाही तर इंजिनाची ताकद कुठेतरी जाणारच. मग चाकाऐवजी ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो, पुढचं तोंड वर येतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पाठीवर उलटतो. फर्ग्युसनच्या तीन दांड्या इथे कामाला येत नाहीत. रुतली तर अवजार सोडवा, चाकांमागचा चिखल फावड्याने ओढा, रिव्हर्समध्ये हलकेच काढून बघा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरची वाट बघा. तसंच चालू पीटीओच्या शाफ्टजवळ लुंगी, पदर, मफलर काही जाता कामा नये. आणि डिझेलच्या जाड पाइपला बारीक चीर पडून फवारा उडत असेल तर ती बोटाने चाचपू नका. तो फवारा कातडीतून आत जातो. मिस्त्री पुठ्ठा धरून बघतो. एरवी तो गप्प असतो, पण या तीन गोष्टींवर पोरांना ओरडताना मी त्याला ऐकलं आहे.

तिचं मोठं आजारपण मी जवळून पाहिलं ते क्लचचं. चढावर ट्रॉली ओढताना इंजिन ओरडायचं आणि चाकं हलायची नाहीत. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिला नेलं. क्लच बदलायचा म्हणजे तिला मधोमध खोलावं लागतं, इंजिन एकीकडे आणि गिअरबॉक्स दुसरीकडे. मोटारीसारखी वेगळी चासी हिला नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स हीच तिची हाडं आणि हाच कणा. म्हणून आधी पुढच्या एक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्या, पुढचा भाग कलंडू नये म्हणून. खाली सागाचे ठोकळे, त्यावर जॅक. वायरी, पाइप, स्टेअरिंगची दांडी सोडवली, आणि प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याच जागी खोचून ठेवला, म्हणजे जोडताना शोधाशोध नको. मग चार जणांनी मागची चाकं धरून तिचा मागचा अर्धा भाग हळूहळू मागे लोटला. मध्ये हातभर उजेड पडला. एवढ्या वर्षांत त्या जागेवर पहिल्यांदाच ऊन पडलं असेल.

प्लेट बाहेर आली ती रिवेटपर्यंत घासलेली, वास जळक्या नारळाच्या शेंडीसारखा. मिस्त्रीने ती ड्रायव्हरच्या हातात दिली आणि काही बोलला नाही. क्लचवर पाय ठेवून चालवायची त्याची सवय सगळ्यांना माहीत होती. नवी प्लेट बरोबर मध्यावर बसावी म्हणून मिस्त्रीकडे एक जुन्या मोडक्या गिअर शाफ्टचा तुकडा आहे, तेलाने काळा झालेला, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. तो प्लेटमधून आरपार घालतो, बोल्ट आवळतो, मग काढून घेतो. बाजारात यासाठी हत्यार मिळतं. त्याला तोच तुकडा लागतो.

जोडताना खरी परीक्षा. दोन अर्धी अंगं जवळ आणली, शेवटची दोन बोटं उरली आणि शाफ्टचे दात जुळेनात. अशा वेळी बोल्ट आवळून खेचायचा मोह होतो. खेचलं तर प्लेटची वाटी वाकते. मिस्त्री जमिनीवर आडवा झाला, कान हाउसिंगला लावला, आणि मागच्या चाकाशी उभ्या पोराला सांगू लागला, “जरा पुढे… केसभर… मागे… थांब.” बारीकसा ‘चळक’ झाला आणि दोन बोटांचं अंतर आपोआप मिटलं. शेडमधल्या कुणीही टाळी वाजवली नाही, पण सगळ्यांचे खांदे खाली आले.

सुटे भाग अजून मिळतात, हे तिचं भाग्य. जे मिळत नाही ते सिल्वासात बनतं. इथे कारखाने आले, त्यांच्यामागून लेथवाले आले, आणि कंपन्यांचं काम आटोपलं की हेच लेथवाले मॅसीच्या पुढच्या चाकाचे झिजलेले बुश कातून देतात. पिन न्यायची, जुना बुश न्यायचा. तो मायक्रोमीटर लावतो, मान हलवतो, आणि उद्या ये म्हणतो. स्टेअरिंग वितभर फिरवल्यावर चाक वळायचं, ते आता बोटभर फिरवल्यावर वळतं.

नटण्याची हौस तिला भारी. दसऱ्याला धुऊन-पुसून झेंडूची माळ चढली की ती दिवसभर रस्त्याच्या कडेला उभी राहते, कामाला निघत नाही. बॉनेटवर लाल रंगाचा नवा हात, दिव्यांच्या कडेला पिवळी पट्टी, आरशाला गोंडे. मला या रंगाचा राग नाही, पण रंगाच्या डब्याच्या पैशात इंजिनचं तेल आणि दोन फिल्टर येतात. दरवर्षी मालकाला हे सांगतो. यंदा त्याने दोन्ही आणलं.

मिस्त्रीच्या हाताखाली आता फक्त एक पोरगा आहे. बाकीची सकाळच्या बसने कंपनीत जातात. महिन्याला ठरलेला पगार आहे, अंगाला तेल लागत नाही, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. हा एक राहिला, कारण त्याला मॅसी आवडते. गेल्या पावसाळ्यात डिझेल संपेपर्यंत चालवल्यामुळे तिने खरोखरच एअर धरली होती, आणि मिस्त्री तापाने घरी पडलेला. पोराने टाकी भरली. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि फीड पंपाची छोटी दांडी अंगठ्याने दाबत बसला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांमध्ये डिझेल, मग नुसतं स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला. मोठ्या पंपावरचा सैल केला, परत तेच. मग नोझलकडे जाणाऱ्या तिन्ही पाइपांची नटं थोडी थोडी ढिली केली आणि कुणालातरी स्टार्टर मारायला सांगितलं. पहिल्या पाइपातून थुंकीसारखं डिझेल उडालं, त्याने नट आवळलं. दुसऱ्यातून उडालं, आवळलं. तिसरं आवळायच्या आतच मॅसी दोन सिलिंडरांवर लंगडत सुरू झाली. त्याने तिसरं आवळलं आणि ठेका पुरा झाला.

संध्याकाळी चिखलणी आटोपल्यावर त्याने ती आंब्याखाली आणली. बॅटरी चांगली होती, टर्मिनल त्यानेच साफ केलं होतं. तरी नाक उताराकडे केलं, इंजिन बंद केलं, खाली उतरून टाकीच्या झाकणावरून अंगठा फिरवून छिद्र मोकळं आहे का बघितलं, आणि मग तो काळा दगड पायाने सरकवत चाकाला टेकवला.